वांद्र्याचं सेंट अँड्र्यू चर्च आणि गावठाणातली जुनी देवळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की आवारात थांबलेले पाहुणे जे प्रश्न विचारतात, ते उत्तरांसकट इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक मराठीच असतात. कुणी शाळेच्या प्रकल्पासाठी आलेलं असतं, कुणी मोत माउलीचं (माउंट मेरीचं) दर्शन घेऊन परतताना डोकावतं. मुंबईचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होतो असं धरून येणारे बरेच. म्हणून पहिल्यापासून सांगतो: हे देऊळ उभं राहिलं त्यानंतर नव्वद वर्षांनी इंग्रजांना मुंबई मिळाली. आणि ज्यांच्यासाठी ते उभं राहिलं ते इथलेच, घरात मराठी बोलणारे गावकरी होते. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. मीही इथे तसंच लिहिणार आहे.)

हे देऊळ किती जुनं आहे, आणि कोणी बांधलं?

१५७५ सालचं. जेझुइट या कॅथलिक मिशनरी संघाच्या धर्मगुरूंनी बांधलं. त्याआधी १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं वसईच्या तहात वसई, साष्टी (वांद्रे ज्यावर आहे ते मुंबईच्या उत्तरेचं बेट) आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली होती. वसई हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं झालं आणि तिथून मिशनरी साष्टीतल्या गावागावांत पसरले. साधारणपणे फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या दोन संघांनी गावं वाटून घेतल्यासारखं दिसतं: बोरिवलीकडे मंडपेश्वरला फ्रान्सिस्कन, वांद्र्याला जेझुइट.

आज जी इमारत दिसते तिच्यात नंतरच्या अनेक पिढ्यांची भर आहे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या देवळाचं असंच असतं. मे १६१८ मध्ये इथल्या किनाऱ्याला मोठं वादळ धडकलं, वसईत मठांची छपरं उडाली. त्या काळी देवळाच्या मुख्य दालनावर लाकडी कैच्या आणि कौलं असत, फक्त वेदीवर दगडी कमान. म्हणूनच वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या देवळांत दालन उघडं पडलेलं दिसतं आणि वेदीवरचं छत काही ठिकाणी अजून शाबूत आहे. छप्पर हा देवळाचा बदलता भाग, भिंती टिकाऊ. वय विचाराल तर नजर आधी भिंतींकडे जाऊ द्या.

वांद्रे मुंबईतच आहे ना? मग इथे पोर्तुगीज इतकी वर्षं कसे राहिले?

तेव्हा वांद्रे मुंबईत नव्हतं. मधे खाडी होती. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबईचं बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा गेला. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे माहीमच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि समोर वांद्र्याला पोर्तुगीज अशी स्थिती सत्तर-पंचाहत्तर वर्षं होती. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांनी घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहानं ती त्यांच्याकडे कायम झाली. एवढ्या उलथापालथीत या देवळानं तीन राज्यं पाहिली आणि गाव तेच राहिलं.

सेंट अँड्र्यूचंच नाव का?

संत अंद्रिया हा येशूच्या बारा शिष्यांतला, आणि व्यवसायानं मच्छीमार. भाऊ पेत्र याच्याबरोबर जाळं टाकत असताना येशूनं त्याला बोलावलं. देवळापासून चिंबईचा कोळीवाडा चालत अंतरावर आहे, आणि कोळी लोकांना आपल्यातलाच वाटावा असा हा संत. त्याचा सण ३० नोव्हेंबरला. त्याला फुलीच्या आकाराच्या क्रूसावर मारलं अशी परंपरा आहे, म्हणून चित्रात किंवा मूर्तीत तिरपा क्रूस दिसला की तो अंद्रिया समजावा.

आवारातल्या त्या उंच दगडी क्रूसावर काय कोरलं आहे?

या आवारातली एकच वस्तू पाहायला वेळ असेल तर हा क्रूस पाहा. एकाच दगडातून घडवलेला, उंची सुमारे १७ फूट. तो मुळात इथला नाही. वांद्र्यातच सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जेझुइटांनी सेंट ॲन नावाचं विद्यालय बांधलं होतं, तिथल्या आवारात तो उभा होता. १७३९ च्या धामधुमीत ती वास्तू गेली. क्रूस वाचला आणि एकोणिसाव्या शतकात इथे आणून उभा केला.

त्याच्या अंगभर येशूच्या दुःखभोगाची चिन्हं कोरलेली आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला पवित्र आठवड्याची सगळी कथा बोटानं दाखवून सांगता यावी, अशी ही मांडणी असते. अशा क्रूसांवर सहसा जे आढळतं ते सांगतो, समोर उभं राहून एकेक शोधा. कोंबडा: पहाटे तो आरवण्याआधी पेत्रानं तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं. खांब आणि चाबूक: येशूला बांधून मारलं. काट्यांचा मुकुट. हातोडा आणि खिळे, त्यांच्याच जवळ चिमटा आणि शिडी, कारण ठोकणारी हत्यारं आणि नंतर देह उतरवणारी हत्यारं शेजारी-शेजारी दाखवायची पद्धत आहे. भाला, आणि काठीच्या टोकाला आंबेत (आंबट द्राक्षारसात) बुडवलेला स्पंज. फासे: त्याच्या झग्यासाठी शिपायांनी टाकले ते.

उठाव फार खोल नसतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना गेलात तर दगड सपाट दिसेल आणि तुम्ही निराश होऊन परत जाल. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उजेडात प्रत्येक खिळ्याची कड उठून दिसते. हात लावू नका, एवढीच विनंती. खारं वारं आधीच पुरेसं झिजवतं.

माझ्या मते मुंबईत पोर्तुगीज काळातलं दगडी कोरीवकाम बघण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन इमारतींच्या नक्षीकामाबद्दल आपण एवढं बोलतो. हा क्रूस त्यांच्या अडीचशे वर्षं आधीचा आहे, आणि त्याच्यासमोर थांबणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

जुनी वेदी कशी पाहायची?

मागची भिंत व्यापणारी कोरीव लाकडी चौकट आधी लांबून पाहा. तिचे मजले मोजा, खांब पाहा, कोनाडे पाहा. मधल्या कोनाड्यात देवळाचा मुख्य संत किंवा मारिया माउली, बाजूला दुय्यम संत, माथ्यावर बहुधा क्रूसावरचा येशू. ही मांडणी पोर्तुगालची. खांबांवर चढणारे वेल, पानं, देवदूतांचे गुबगुबीत गाल इथल्या लाकूडकाम करणाऱ्यांच्या हातचे.

रंगाचं काम समजून घेण्यासारखं आहे. लाकूड घडवून झालं की त्यावर खडू आणि सरस यांचा पांढरा लेप देत. तो घासून गुळगुळीत केला की तांबूस मातीचा पातळ थर, मग सोन्याचा वर्ख, मग वर्खावर रंग. त्या रंगावर टोकदार काडीनं नक्षी खरवडायची, म्हणजे खालचं सोनं रेषारेषांतून चमकतं. मूर्तीच्या झग्यावर जरीसारखं काम दिसतं ते असं. कुठल्याही देवळात जुनी मूर्ती जवळून पाहायला मिळाली तर तिच्या पायाच्या बोटांपाशी किंवा झग्याच्या काठाशी बघा. तिथे रंग उडालेला असतो आणि खालची तांबूस माती, पांढरा लेप, लाकूड असे थर उघडे दिसतात.

पुढे एक साधं टेबल आणि मागे मोठी वेदी, असं दोन-दोन का?

१९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर) धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करू लागले, त्यासाठी पुढची वेदी आली. त्याआधी ते मागच्या वेदीकडे तोंड करून, लॅटिनमध्ये मिस्सा करत. त्या बदलाच्या उत्साहात काही ठिकाणी जुन्या वेद्या काढून टाकल्या गेल्या. जिथे त्या राखल्या, तिथल्या लोकांचे आभार मानावेत.

कोण संत कुठला, हे ओळखायचं कसं?

हातातल्या वस्तूवरून. किल्ल्या म्हणजे पेत्र. बाळ येशू आणि लिलीचं फूल म्हणजे अंतोन. तराजू आणि पायाखाली सैतान म्हणजे मायकल. अंगात बाण रुतलेला तरुण सेबॅस्टियन. मांडीवरची जखम दाखवणारा आणि शेजारी कुत्रा असलेला तो रॉक. या शेवटच्या दोघांना रोगराईत साकडं घालत. प्लेग पाहिलेल्या शहरात त्यांच्या मूर्ती असणारच.

हे काम करणारे कारागीर ख्रिस्ती होते की हिंदू?

दोन्ही. गोव्यात १५६७ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेनं ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घ्यायला मनाई केली. मनाई करावी लागली याचाच अर्थ कामं त्यांच्याकडे जात होती. हातांची सवय धर्मानं बदलत नाही. म्हणून कमळासारखं फूल, आंब्याच्या कोयरीचा आकार किंवा हिंदू मंदिराच्या खांबासारखी घडण चर्चच्या लाकूडकामात दिसली तर ती इथल्या हाताची खूण समजा.

जमिनीतल्या लेख असलेल्या फरशा म्हणजे काय?

थडग्यांचे दगड. पूर्वी प्रतिष्ठित कुटुंबांना देवळाच्या आत पुरण्याची प्रथा होती. पोर्तुगीज लेख बहुतेक एकाच साच्याचे असतात: हे अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं थडगं, मग साल. काहींवर घराण्याचं चिन्ह, काहींवर कवटी आणि हाडं. कवटी पाहून मुलं घाबरतात. ती ‘तूही एक दिवस जाणार’ एवढीच आठवण आहे. अशा दगडांवर पाय पडू न देता चाला.

इथल्या लोकांना जबरदस्तीनं ख्रिस्ती केलं का?

हा प्रश्न कधी चढ्या आवाजात येतो, कधी दबक्या. उत्तर दोन्ही वेळा एकच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेनं हिंदूंची मंदिरं पाडली, त्यांच्या जाहीर पूजेवर बंधनं घातली, अनाथ मुलांना ख्रिस्ती म्हणून वाढवण्याचे कायदे केले. मंडपेश्वरच्या शैव लेण्याचंच चर्च केलं होतं, ते आजही डोळ्यांनी पाहता येतं. हे झाकण्यात अर्थ नाही. त्याच वेळी सत्तेजवळ राहण्याचे फायदे होते, आधी गेलेल्या भाऊबंदांची ओढ होती, मिशनरींची शाळा-दवापाण्याची मदत होती आणि मनापासून पटलेली श्रद्धाही होती. कुठल्या घरात यातलं काय घडलं हे आज सांगता येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. पोर्तुगीज गेले, त्यानंतर इथे मराठ्यांचा अंमल आला, आणि परत फिरायला कुणी अडवणारं नव्हतं तेव्हाही हजारो कुटुंबं ख्रिस्तीच राहिली. तिथून पुढचा धर्म त्यांचा स्वतःचा.

मराठ्यांनी चर्चेस पाडली ना?

लढाईत आणि नंतरच्या दुर्लक्षात बरीच पडली. पोर्तुगीजांबरोबर युरोपियन धर्मगुरू निघून गेले, मठ ओस पडले. पण गावांतली उपासना चालू राहिली, गोव्याहून आलेल्या आणि इथल्याच धर्मगुरूंनी ती सांभाळली. १७६० मध्ये आंकतील द्यु पेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला. ठाण्याला साष्टीभरातून जमलेल्या ख्रिस्ती लोकांचा सण मराठी अमलात मोकळेपणानं साजरा होताना त्यानं पाहिला आणि लिहून ठेवला.

वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या सैन्यानं चर्चच्या घंटा नेल्या, त्या महाराष्ट्रभर हिंदू मंदिरांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची, भीमाशंकरची १७२९ ची. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरही अशीच एक आहे. पुढच्या वेळी भीमाशंकरला गेलात तर घंटेवरचा क्रूस आणि साल शोधा.

मोत माउलीचा या देवळाशी काय संबंध?

जवळचा. टेकडीवरचं मारिया माउलीचं देऊळ आज बॅसिलिका (पोपनं खास दर्जा दिलेलं चर्च) आहे, सध्याची इमारत १९०४ ची. १७०० च्या सुमारास अरबी चाच्यांनी तिथल्या मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे १७३९ मध्ये टेकडीवरचं देऊळ उद्ध्वस्त झालं, तेव्हा मूर्ती माहीमच्या सेंट मायकल देवळात हलवली. साधारण १७६० च्या सुमारास टेकडीवर पुन्हा देऊळ उभं राहिलं. या सगळ्या काळाशी जोडलेली नाविकांच्या मातेची दुसरी एक मूर्ती सेंट अँड्र्यूमध्ये आहे. एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि ती समुद्रात सापडली, अशी तिची आख्यायिका. सप्टेंबरातली जत्रा, ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालते ती, टेकडीवरच्या माउलीची. तिला सगळ्या धर्मांचे लोक येतात, आणि मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहतात.

रणवार, चुईम, पाली, खोताचीवाडी इथे गल्लीगल्लीत क्रूस का आहेत?

त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या वेळचे. साथ आली, माणसं घरं सोडून निघाली, देवळात गर्दी करणं धोक्याचं झालं. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारून लोक संध्याकाळी तिथेच प्रार्थनेला जमू लागले. साथ टळावी म्हणून नवस, टळल्यावर आभार. मे महिन्यात अजूनही अनेक ठिकाणी संध्याकाळी क्रूसापाशी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, मग मुलांना चणे वाटतात. पुनर्विकासात हे क्रूस हलतात किंवा कुंपणाआड जातात. निदान पायथ्याशी कोरलेलं साल तरी फोटोत टिपून ठेवा.

ईस्ट इंडियन म्हणजे नक्की कोण?

वसई ते मुंबई या पट्ट्यातले मूळचे मराठीभाषक कॅथलिक: कोळी, कुणबी, भंडारी, कुंभार अशा जातींतून आलेले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. गोव्या-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांपेक्षा आपण इथले, हे सरकारला कळावं हा हेतू होता. आडनावं डिसोझा, परेरा, मिरांडा. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत उंबराचं पाणी. मसाला उन्हाळ्यात कुटून बाटलीत भरलेला. सणाला फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंदियल (आंबट-तिखट मांसाचं कालवण). ऑक्टोबरात आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणून आशीर्वाद घेतात. शेतं विमानतळाखाली आणि इमारतींखाली गेली, तरी कालिना, वाकोल्यासारख्या गावठाणांत आगेरा चुकलेला नाही.

मुंबईत आणखी कुठली देवळं पाहावीत?

मंडपेश्वर, बोरिवली: लेण्यात नटराज आहे, एका भिंतीवर कोरलेला क्रूस आहे, आणि वर चर्च-विद्यालयाचे अवशेष. एकाच खडकावर हजार वर्षांचे दोन धर्म, तेही बोरिवली स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. याला पहिला नंबर.

एरंगळ, मढ: समुद्राकाठचं सेंट बोनाव्हेंचर. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी जत्रा असते, तेव्हाच जा.

माहीमचं सेंट मायकल मूळचं फार जुनं, इमारत १९७० च्या दशकातली. १९४८ पासूनच्या बुधवारच्या नोव्हेनामुळे (नऊ वेळा करायच्या प्रार्थनेमुळे) सगळ्यांना माहीत आहे. दादरचं पोर्तुगीज चर्च १५९६ चं, पण आजची इमारत १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी रचलेली. उघडी अंगणं आणि घुमटासारखी छपरं आहेत, जुनं शोधायला जाऊ नका, नवं म्हणून पाहा.

अंधेरीला सीप्झ या बंदिस्त निर्यात-उद्योग वसाहतीच्या आत १५७९ चं सेंट जॉन द बॅप्टिस्ट पडक्या अवस्थेत आहे. एकोणिसाव्या शतकात साथीमुळे गाव उठलं आणि धर्मग्राम (चर्चच्या हद्दीतला भक्तसमुदाय) मरोळला गेला. एरवी आत सोडत नाहीत, वर्षातून एकदा मिस्सा होते.

दुरुस्तीला हात लावायचा तर काय टाळावं?

सिमेंट. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल शोषतो आणि सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, समुद्राचा खार भिंतीतून फुटून निघतो आणि दगडच भुगा होऊ लागतो. दुसरी गोष्ट, ऑइल पेंट. भक्तिभावानं कुणी मूर्ती रंगवायचा खर्च उचलतो, आणि तीनशे वर्षांचा सोन्याचा वर्ख एका दुपारीत गुलाबी-निळ्या रंगाखाली जातो. ही देणगी नाकारणं फादरांना जड जातं, मला कळतं. तरीही नाकारावी. आधी फोटो, मग जाणकार संवर्धक, मग काम. जुनी फरशी उखडली तर प्रत्येक दगडावर क्रमांक टाका.

मी ख्रिस्ती नाही. आत आलो तर चालेल का?

खुशाल या. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फिरू नका, फोटो काढू नका. टोपी काढा. पवित्र भाकर वाटतात त्या रांगेत उभं राहू नका, ती कॅथलिकांसाठीच असते. बसून राहिलात तर कुणाला खटकत नाही. लग्न किंवा अंत्यविधी असेल तर दुसऱ्या दिवशी या. मराठी मिस्सेची वेळ दारावरच्या फलकावर असते.

आमच्या पूर्वजांची नोंद इथे मिळेल का?

मिळू शकते. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेपासून प्रत्येक धर्मग्रामानं बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायच्या असा नियम झाला. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, नंतरच्या इंग्रजीत. कार्यालयात लेखी अर्ज करा. पूर्वजाचं बाप्तिस्म्याचं नाव, आईवडिलांची नावं, गावठाणाचं नाव आणि अंदाजे दशक एवढं लिहा. नुसतं ‘आजोबा डिसोझा’ लिहून काही हाती लागणार नाही. वही स्वतः चाळायला मागू नका, पानं हात लावताच तुटतात. गावठाणातल्या घराच्या हक्काचा वाद असेल तर दाखल्याची सही-शिक्क्याची प्रत मागा. आणि घरी जुने फोटो असतील, लग्नाचे, आगेऱ्याचे, देवळासमोर उभ्या कुटुंबाचे, तर अर्जाबरोबर त्यांची प्रत जोडा. माणसांच्या मागे वेदी किंवा क्रूस जुन्या रूपात दिसत असतो, आणि दुरुस्ती करताना तोच पुरावा लागतो.